22 इंची जुनी अ‍ॅटलस सायकल, आठ महिने वापरल्यानंतर

गेल्या ऑक्टोबरात ठाण्यात नौपाड्यातल्या एका भंगारवाल्याकडून ही अ‍ॅटलस उचलली, 22 इंची फ्रेम, रॉड ब्रेक (तारेऐवजी लोखंडी दांड्यांनी ओढला जाणारा), चेनकव्हर चेपलेलं, 900 रुपयांना. मधल्या काळात अजून तीन सायकली आणल्या, नीट केल्या आणि विकल्या, पण ही विकणार नाही. कुणाच्या मनात असं काही असेल तर कामाला येईल म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी घेताना काय बघायचं ते. लोक रंग उडालेला बघूनच नको म्हणतात, पण वरवरचा गंज काही नसतो, घासला की जातो. हँडलच्या खाली जिथे नळ्या येऊन मिळतात तिथे खालच्या नळीवर बोट फिरवा, फुगवटा लागला तर ती सायकल समोरून जोरात आपटलेली आहे, फुकट दिली तरी घेऊ नका. मग एक दोरी घ्या, मागच्या एक्सलपासून हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूने परत एक्सलपर्यंत ताणा, आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर मोजा. सारखं आलं तर फ्रेम सरळ आहे, बाकी सगळं बदलता येतं.

आणि पार्ट मिळतात बरं का. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना 2020 च्या 3 जूनला बंद पडला, नेमका जागतिक सायकल दिनालाच, मला खरंच वाईट वाटलं होतं. पण या काळ्या सायकलींची मापं बहुतेक सगळ्या कंपन्यांची सारखीच, त्यामुळे लुधियानाचे टायर, कोन (छर्रे ज्यावर फिरतात ते निमुळते नट), फ्रीव्हील (मागच्या चाकाचं दातेरी चक्र) बसून जातात.

सगळ्यात जास्त वेळ गेला कॉटर पिनमध्ये, म्हणजे पेडलचा दांडा (क्रँक) मधल्या धुरीवर घट्ट धरणारी खीळ. जुनी पिन निघतच नव्हती, रात्रभर डिझेल सोडून ठेवलं, मग क्रँकच्या खाली लोखंडी पाइपाचा तुकडा टेकवून एकच दणका घातला तेव्हा निघाली. खाली टेकू दिल्याशिवाय हातोडी मारू नका, सगळा मार धुरीच्या बेअरिंगमधल्या कप आणि छर्‍यांवर जातो. नवीन पिन बसवताना दोन्ही बाजूच्या पिना एकमेकींच्या उलट दिशेने घालायच्या, नाहीतर दोन पेडल एका रेषेत येत नाहीत. मी एका दुकानातून स्वस्त पिना आणल्या होत्या, त्या महिन्याभरात दबल्या आणि प्रत्येक फेरीला टक टक सुरू झालं, मग कडक पोलादाच्या आणल्या तेव्हा थांबलं. उजवीकडचा कप उलट आट्याचा असतो आणि डावं पेडलही, हे माहीत नसेल तर माणूस जोर लावून आटे मारून टाकतो. आत एकेका बाजूला पाव इंची 11 छर्रे लागतात, सगळे एकदम नवीन टाका, जुने-नवे मिसळू नका. चेन फुटपट्टीने तपासायची, 24 कड्या बरोबर 12 इंच भरल्या पाहिजेत, अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त भरली तर बदलायच्या तयारीला लागा आणि एक सूत जास्त म्हणजे चेन गेलीच. सगळं मिळून 1,700 च्या आसपास खर्च झाला, रंग दिला नाही, मूळचा काळा रंग आणि सोनेरी रेघा अजून दिसतात त्या मला आवडतात.

चालवायला कशी? सपाट रस्त्यावर राणी आहे. सकाळी मासुंदा तलावाला फेरी मारून उपवनपर्यंत जातो, खड्ड्यात 28 इंची चाक अलगद उतरतं, पाठ अजिबात दुखत नाही. चढाला मात्र जड, वीस किलोच्या वरच आहे, येऊरच्या घाटात दोनदा उतरून ढकलली. मग मागचं फ्रीव्हील 18 दात्यांचं होतं ते काढून 22 चं टाकलं, पुढे 44 दाते, म्हणजे पेडलच्या एका फेरीत चाक बरोबर दोनदा फिरतं. आता वेग कमी पण उड्डाणपूल बसूनच चढतो.

पावसाचं गांभीर्याने सांगतो. स्टीलची रिम ओली झाली की ब्रेक रबर नुसतं घसरतं, गाडी थांबायला कितीतरी जास्त अंतर लागतं. या जूनमध्ये पहिल्याच पावसात माजिवड्याच्या सिग्नलला रिक्षाच्या मागे जेमतेम थांबलो. तेव्हापासून पावसात आधी हलका ब्रेक लावून रिम पुसून घेतो, मगच दाबतो, आणि उतारावर वेग येऊच देत नाही.

विकण्याबद्दल थोडंच. तीन सायकलींवर मिळून साधारण 2,000 सुटले, मजुरी धरली तर काहीच नाही, पैशासाठी यात पडू नका. भंगारातून घेताना चिठ्ठीवर तारीख आणि फ्रेम नंबर लिहून सही घ्या, फोटो काढून ठेवा, आणि तीच चिठ्ठी पुढच्या माणसाला द्या, चोरीचा माल नाही एवढी तरी खात्री त्याला मिळते. जे बदललं नाही तेही आधीच सांगतो. आमच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांना एक दिली तेव्हा मागचा टायर सहा महिनेच टिकेल असं स्पष्ट सांगितलं होतं, परवा ते स्वतःच नवीन टायर घेऊन आले आणि आम्ही दोघांनी मिळून पार्किंगमध्ये बसवला.

या अ‍ॅटलसचे मागचे ब्रेक रबर आता संपत आलेत, रविवारी पावसाने उघडीप दिली की बदलतो.