एचआयव्हीसह जगताना हृदयाचे रक्षण: पूरके आणि स्टॅटिन यांचा तुलनात्मक आढावा

एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरील औषधोपचार, नियमित चालू आहे, व्हायरल लोड (रक्तातील विषाणूंचे प्रमाण) दबलेला आहे, चाळिशी ओलांडली आहे आणि आता कोणीतरी हृदयासाठी फिश ऑइल, कोएन्झाइम क्यू-१० किंवा कार्निटिन अशी पोषक पूरके घ्यायला सुचवले आहे, अशा स्थितीत निर्णय करू पाहणाऱ्यांसाठी हा आढावा आहे. चिंता निराधार नाही. एचआयव्ही नसलेल्या व्यक्तीच्या तुलनेत या आजारासह जगणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट आढळतो. विषाणू दबल्यानंतरही शरीरात मंद दाह धुमसत राहतो, काही जुन्या औषधांनी रक्तातील चरबी वाढवलेली असते, आणि त्यात तंबाखू, उच्च रक्तदाब व मधुमेह यांची भर पडते. त्यामुळे काहीतरी करावे ही इच्छा योग्यच आहे. दरमहा खिशातून जाणारे पैसे कशावर खर्च करावेत, एवढाच प्रश्न आहे.

तुलनेसाठी मोजमाप हवे, आणि सुदैवाने ते आता उपलब्ध आहे. २०२३ मध्ये ‘रिप्रीव्ह’ या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भारतासह १२ देशांतील ४० ते ७५ वयोगटातील, एआरटीवर असलेल्या आणि हृदयविकाराचा धोका कमी ते मध्यम असलेल्या ७,७६९ व्यक्तींना पिटाव्हास्टॅटिन (स्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गटातील औषध) ४ मिलिग्रॅम किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी रोज देण्यात आली. सुमारे पाच वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि तत्सम मोठ्या घटना स्टॅटिन गटात ३५ टक्क्यांनी कमी झाल्या, आणि लाभ इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. किंमतही मोजावी लागली: स्टॅटिन गटात नव्याने मधुमेह झालेल्यांचे प्रमाण ५.३ टक्के होते, तर दुसऱ्या गटात ४ टक्के. स्नायूदुखीही थोडी अधिक होती. हे तोटे लपवण्याचे कारण नाही. मात्र पुढे येणाऱ्या कोणत्याही पूरकाजवळ एचआयव्हीबाधितांमध्ये हृदयविकाराच्या घटना कमी केल्याचा एवढा मोठा पुरावा नाही, ही बाब तुलना करताना सतत नजरेसमोर ठेवावी लागते.

पूरकांमध्ये फिश ऑइलचा दावा सर्वांत भक्कम आहे, पण तो नेमका कशाचा आहे हे पाहावे लागेल. त्यातील ओमेगा-३ मेदाम्ले ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारची चरबी) कमी करतात, याबद्दल शंका नाही. परंतु त्यासाठी इपीए आणि डीएचए ही दोन ओमेगा-३ मेदाम्ले मिळून दिवसाला २ ते ४ ग्रॅम लागतात. बाजारातील नेहमीच्या डबीवर पुढे ठळक अक्षरांत १,००० मिलिग्रॅम छापलेले असते, आणि मागच्या बारीक मजकुरात इपीए १८० व डीएचए १२०, म्हणजे एकूण ३०० मिलिग्रॅम एवढीच नोंद सापडते. किमान २ ग्रॅम गाठायचे म्हटले तरी अशा सात कॅप्सूल रोज घ्याव्या लागतील; रोजच्या एका कॅप्सूलने ट्रायग्लिसराइडवर लक्षणीय परिणाम होण्याची अपेक्षा धरता येत नाही. शिवाय ट्रायग्लिसराइड उतरले म्हणजे हृदय वाचले, असे समीकरण मांडता येत नाही. शुद्ध इपीएची ४ ग्रॅम मात्रा वापरणाऱ्या ‘रिड्यूस-इट’ चाचणीत २०१८ मध्ये लाभ दिसला, तर इपीए व डीएचए एकत्र देणाऱ्या ‘स्ट्रेंग्थ’ चाचणीत २०२० मध्ये तो दिसला नाही. दोन्हींत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचे प्रमाण मात्र वाढले. ट्रायग्लिसराइड फार चढलेले असतील आणि डॉक्टरांनी ठरावीक मात्रा लिहून दिली असेल, तर फिश ऑइलला जागा आहे. एरवी नाही.

कार्निटिन आणि सेलेनियम यांची ख्याती बरीचशी जुन्या काळातून आलेली आहे. स्टॅव्हुडिन व झिडोव्हुडिन ही औषधे पेशींतील ऊर्जानिर्मितीला इजा पोचवत, म्हणून कार्निटिनचा विचार झाला. सेलेनियमच्या तीव्र कमतरतेने हृदयाचा स्नायू दुबळा होतो, हे चीनमधील केशान आजारावरून माहीत होते. आज टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर यांची एकत्रित गोळी घेणाऱ्या व्यक्तीला ती जुनी इजा होण्याचा प्रश्न फारसा उरत नाही. कार्निटिनपासून आतड्यातील जीवाणू जो पदार्थ तयार करतात, त्याचे पुढे होणारे रूप रक्तवाहिन्यांच्या आजाराशी जोडले गेले आहे, त्यामुळे ते निरुपद्रवी मानून घेत राहणे मला पटत नाही. सेलेनियमची मात्रा बराच काळ दिवसाला ४०० मायक्रोग्रॅमच्या वर राहिल्यास केस व नखे गळू शकतात.

कोएन्झाइम क्यू-१० ची बाजू थोडी वेगळी आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४२० रुग्णांच्या चाचणीत दिवसाला ३०० मिलिग्रॅम दिल्यावर लाभ दिसला, पण ते सर्व हृदय निकामी होण्याच्या आजाराचे रुग्ण होते. निरोगी हृदयाच्या एचआयव्हीबाधित व्यक्तीला तो निष्कर्ष लावता येत नाही. नायसिन व ड जीवनसत्त्व यांनी मोठ्या चाचण्यांत हृदयविकाराच्या घटना कमी केल्या नाहीत. ड जीवनसत्त्वाची कमतरता तपासणीत निघाली, तर ती हाडांसाठी भरून काढावी.

लाल यीस्ट तांदळाबद्दल मात्र थांबून सांगणे भाग आहे. ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या या पूरकातील मोनॅकोलिन-के म्हणजे रासायनिकदृष्ट्या लोव्हास्टॅटिन हे स्टॅटिन औषधच होय. ॲटाझानॅव्हिर, लोपिनाव्हिर किंवा डारुनाव्हिर ही एचआयव्हीची औषधे रिटोनाव्हिरसह (इतर औषधांची रक्तातील पातळी वाढवणाऱ्या औषधासह) चालू असताना ते घेतले, तर त्याची रक्तातील पातळी अनेक पटींनी वाढून स्नायू नष्ट होण्याचा आणि मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका निर्माण होतो. सिम्व्हास्टॅटिनलाही हाच निषेध लागू आहे. दुसरीकडे, मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियम असलेले अँटासिड डोल्युटेग्रॅव्हिरचे शोषण रोखते. म्हणून एआरटीची गोळी अशा औषधाच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. कॅल्शियम आणि लोह यांच्याबाबत दोन्ही गोळ्या जेवणासोबत एकत्र घेण्याची मुभा आहे.

हे सर्व तपासता यावे, यासाठी डॉक्टरांसमोर औषधांची पूर्ण यादी असावी लागते, आणि अडचण नेमकी तिथे येते. आजार कळेल या भीतीने अनेक जण खासगी डॉक्टरांकडे एआरटीचा उल्लेखच करत नाहीत, आणि एआरटी केंद्रात पूरकांचा. ही भीती समाजाने लादलेली आहे. तिचा दोष रुग्णाला देणे अन्यायाचे ठरेल. खासगी डॉक्टरांकडे बोलणे अशक्य वाटत असेल, तर निदान एआरटी केंद्रातील डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना घरातील सगळ्या डब्या दाखवाव्यात.

वय ४० ते ७५ असेल, तर त्याच भेटीत रक्तदाब, साखर आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातील चरबीची तपासणी) पाहून स्टॅटिनचा विषय स्वतःहून काढावा. पिटाव्हास्टॅटिन मिळाले नाही, तर ॲटोर्व्हास्टॅटिन २० किंवा रोसुव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम हे मान्य पर्याय आहेत, मात्र रिटोनाव्हिर चालू असल्यास मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. दोन्ही औषधे जेनेरिक स्वरूपात स्वस्त मिळतात. चाळिशीच्या आत असलेल्यांसाठी असा थेट पुरावा अद्याप नाही; त्यांनी पूरकांचे पैसे वाचवून तंबाखू सोडण्याच्या उपचारावर आणि घरी रक्तदाब मोजण्याच्या यंत्रावर खर्च करणे मला अधिक योग्य वाटते.