क्लाउडफ्लेअर: काही महिन्यांच्या वापरानंतर काय आत ठेवलं, काय बाहेर

क्लाउडफ्लेअर ही वेबसाइट आणि तिचे वाचक यांच्या मध्ये उभी राहणारी सेवा. तिच्याकडे बहुतेक लोक एकाच कामासाठी येतात: साइटपुढे कॅशे (फाइलींची तात्पुरती ठेवलेली प्रत) आणि फुकटचं एसएसएल (वाहतूक कूटबद्ध करणारी व्यवस्था). मीही तेवढ्यासाठीच आलो होतो. माझी एक छोटी संग्रहवजा साइट आहे. तिच्यावर लेख, स्कॅन केलेली पानं आणि भरपूर ध्वनिफिती आहेत. शिवाय घरी एक लहान सर्व्हर आहे, फोटो आणि कागदपत्रांसाठी. काही महिन्यांत डॅशबोर्डच्या डाव्या बाजूच्या यादीतली बरीच नावं वापरून झाली. ती यादी आहेच तशी. एक गोष्ट चालू करायला जावं, तर शेजारची दुसरी खुणावते.

कंपनी २००९ची, मॅथ्यू प्रिन्स, ली होलोवे आणि मिशेल झॅटलिन या तिघांनी सुरू केलेली. सेवा सगळ्यांसाठी खुली झाली सप्टेंबर २०१० मध्ये, आणि तेव्हापासून सप्टेंबरातला वाढदिवसाचा आठवडा म्हणजे नव्या घोषणांचा आठवडा. २०१४ साली फुकट ग्राहकांनाही एसएसएल मिळालं. २०१७ साली वर्कर्स (त्यांच्या सर्व्हरवर आपला छोटा कोड चालवण्याची सोय) आले, २०१८ साली डोमेन नोंदणी, २०२१ साली आर२ ही फाइल साठवण आणि २०२२ साली टर्नस्टाइल, म्हणजे समोर माणूस आहे की बॉट (आपोआप चालणारा प्रोग्राम) ते तपासणारी चौकट. हा क्रम नीट पाहिला की दिशा कळते. आधी ही कंपनी फक्त तुमच्या साइटच्या पुढे उभी होती. आता तुमचं डोमेन, फाइली, कोड, फॉर्म आणि लॉगिन सगळं तिच्याकडे जाऊ शकतं. म्हणून प्रत्येक सुविधा वापरताना मी दोनच गोष्टी पाहिल्या: काम नीट होतं का, आणि उद्या सोडायची म्हटली तर किती त्रास होईल.

कॅशे आणि डीएनएस (डोमेनचं नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यायचं ते सांगणारी नोंदवही) या पहिल्या परीक्षेत आरामात उतरतात. डीएनएसमधले बदल लगेच दिसतात, नोंदींचं पान स्वच्छ आहे. कॅशेबद्दल मात्र एक गैरसमज सगळीकडे दिसतो. साइट मागे जोडली की सगळी पानं आपोआप कॅशेत जातात असं लोकांना वाटतं. तसं होत नाही. मूळ मांडणीत फाइलीचा प्रकार पाहून चित्रं, सीएसएस, पीडीएफ, ध्वनिफिती कॅशेत जातात, एचटीएमएल जात नाही. त्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो, आणि तो लिहिताना लॉगिन केलेल्या वापरकर्त्यांची पानं वगळायला विसरू नका, नाहीतर एकाचं पान दुसऱ्याला दिसेल. एसएसएलच्या बाबतीत 'फ्लेक्झिबल' हा पर्याय मी कोणालाच सुचवणार नाही. त्यात ब्राउझर ते क्लाउडफ्लेअर एवढाच रस्ता कूटबद्ध असतो, पुढे तुमच्या सर्व्हरपर्यंत मजकूर उघडा जातो. आणि सर्व्हर स्वतःच एचटीटीपीएसकडे वळवत असेल तर पान फिरत राहतं, उघडतच नाही. त्यांचंच ओरिजिन प्रमाणपत्र सर्व्हरवर बसवून 'फुल स्ट्रिक्ट' (सर्व्हरपर्यंतचा रस्ताही कूटबद्ध, प्रमाणपत्र तपासून) ठेवलं की हा विषय संपतो. ते प्रमाणपत्र १५ वर्षांपर्यंत चालतं.

मला सगळ्यात उपयोगी पडलं ते आर२. ध्वनिफितींच्या साइटची खरी अडचण जागा नसते, वाहतूक असते. बहुतेक क्लाउड साठवणींत फाइल ठेवणं स्वस्त असतं आणि बाहेर काढण्याचे पैसे मोजावे लागतात. एखादी फीत लोकांना आवडली की मालकाच्या पोटात गोळा येतो. आर२ मध्ये बाहेर जाणाऱ्या डेटावर शुल्क नाही. साठवणीचा पहिला १० जीबी फुकट आहे आणि वाचण्या-लिहिण्याच्या विनंत्या वेगळ्या मोजल्या जातात. फुकट मर्यादा लहान साइटला पुरून उरते. ॲमेझॉनच्या एस३ या साठवणीसाठी बनलेली साधनं इथेही चालतात, त्यामुळे मी आरक्लोन हा नेहमीचा प्रोग्राम वापरून सगळं चढवलं आणि त्याच वाटेनं एक प्रत दुसरीकडेही ठेवतो. सोडून जायला सोपी असलेली ही सुविधा आहे, आणि मला ती आवडण्याचं निम्मं कारण तेच. फक्त बकेटला (आर२ मधल्या फाइलींच्या कप्प्याला) स्वतःचं उपडोमेन जोडून घ्या. कंपनी देते तो आरटू डॉट डेव्हचा पत्ता चाचणीपुरता असतो, त्यावर वेगमर्यादा आहे.

टनेलबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण घरी सर्व्हर ठेवणाऱ्यांना त्यातच रस असतो. अनेक इंटरनेट जोडण्यांना आता स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाही, त्यामुळे राउटरवर पोर्ट उघडूनही बाहेरून आत येता येत नाही. टनेलमध्ये घरच्या सर्व्हरवर क्लाउडफ्लेअर्ड नावाचा छोटा प्रोग्राम चालतो आणि तोच आतून बाहेर जोडणी करतो. पोर्ट उघडायची गरज राहत नाही. त्याच्यापुढे ॲक्सेस ही लॉगिनची सोय लावली की पान उघडण्याआधी ईमेलवर एकदाच चालणारा क्रमांक येतो, आणि ५० वापरकर्त्यांपर्यंत हे फुकट आहे. घरातल्या मंडळींना व्हीपीएन (घरच्या नेटवर्कपर्यंतचा खासगी कूटबद्ध रस्ता) समजावून सांगण्यापेक्षा हे कितीतरी सोपं. त्यांना ईमेल उघडता येतं, बस झालं.

पण टनेलची मर्यादा दोन ठिकाणी टोचते. फुकट योजनेत एका विनंतीतून १०० एमबीपेक्षा मोठी फाइल चढवता येत नाही. फोटो ठीक, फोनवरचे व्हिडिओ अडकतात. तुकडे करून पाठवणारं ॲप असेल तर निभावतं, नसेल तर घरातल्या वायफायवर आल्यावरच व्हिडिओ चढवायचे. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि कमी बोलली जाते: एसएसएल त्यांच्या सर्व्हरवर उघडलं जातं. म्हणजे ब्राउझरमध्ये कुलूप दिसत असलं तरी मधल्या टप्प्यावर मजकूर त्यांना वाचता येण्याजोगा असतो. सार्वजनिक लेखांना याचं काही नाही. घरच्या कागदपत्रांना आहे. ती मी टनेलवर ठेवली नाहीत, त्यांच्यासाठी वायरगार्ड हे व्हीपीएन वेगळं चालू आहे.

टर्नस्टाइल म्हणजे ट्रॅफिक सिग्नल आणि सायकली ओळखायला लावणाऱ्या छळाला दिलेली सुट्टी. बहुतेक वाचकांना एक छोटी चौकट दिसते आणि आपोआप खूण होते. साइट क्लाउडफ्लेअरवर नसली तरी ते वापरता येतं, हे विशेष. माझ्या संपर्क फॉर्मवरचा कचरा जवळजवळ थांबला. अट एकच. पानावर चौकट चिकटवून काम संपत नाही, मिळालेलं टोकन (तपासणी झाल्याचा सांकेतिक पुरावा) सर्व्हरवरून तपासावं लागतं. ते टोकन ५ मिनिटं आणि एकदाच चालतं. लांबलचक फॉर्म भरायला वाचकानं वेळ घेतला तर टोकन शिळं होतं, तेव्हा नवं घेण्याची सोय कोडमध्ये हवी.

ईमेल राउटिंग चांगलं आहे, पण नावात आहे तेवढंच करतं: डोमेनवर आलेली पत्रं तुमच्या नेहमीच्या पेटीत पुढे ढकलतं. ती तुमची मेलपेटी नव्हे.

एआयच्या बॉट्सना अडवण्याची सोय मला आधी दिखाऊ वाटली होती. वापरल्यावर मत बदललं. जुन्या लेखांच्या साइटवर माणसांपेक्षा बॉट जास्त फिरतात, आणि त्यातले काही रोबोट्स फाइलीला (बॉटनं कुठे जाऊ नये ते सांगणाऱ्या) विचारतही नाहीत. जुलै २०२५ पासून नव्या डोमेनांसाठी असे बॉट अडवणं हीच मूळ मांडणी झाली, आणि प्रवेशासाठी पैसे घेण्याचा प्रयोगही सुरू झाला. पैशांचं माझ्यासारख्याला काही नाही, पण सर्व्हरवरचा भार खरंच हलका झाला. एक शंका राहतेच. कोण चांगला बॉट आणि कोण वाईट, याची यादी एकाच कंपनीच्या हातात असावी का? छोट्या नव्या शोधयंत्रानं त्या यादीत यायचं कसं? माझ्या साइटपुरता मी पर्याय चालू ठेवला आहे, पण शोधयंत्रांना येऊ दिलं आहे.

वर्कर्सवर मी लहान कामंच ठेवली. जुने पत्ते नव्याकडे वळवणं, एखादा हेडर (पानासोबत जाणारी तांत्रिक सूचना) बदलणं वगैरे. फुकट योजनेत दिवसाला १ लाख विनंत्या चालतात, प्रत्येकीला १० मिलिसेकंद सीपीयू. सर्व्हरच्या प्रतिसादाची वाट पाहण्यात गेलेला वेळ त्यात धरत नाहीत, त्यामुळे हे वाटतं त्यापेक्षा जास्त पुरतं. डी१ हा डेटाबेस एसक्यूलाइट या सर्रास वापरल्या जाणाऱ्या डेटाबेसवर उभा आहे, त्यामुळे डेटा बाहेर काढता येतो. ड्युरेबल ऑब्जेक्ट्सवर (वर्कर्सची माहिती टिकवणाऱ्या त्यांच्याच खास सुविधेवर) बांधलेलं काही मात्र दुसरीकडे जसंच्या तसं नेता येणार नाही. तिथे मी हात घातला नाही.

वाढीचा एक त्रास रोजचा आहे: नावं आणि जागा बदलत राहतात. आर्गो टनेलचं क्लाउडफ्लेअर टनेल झालं, पेज रूल्सच्या जागी वेगवेगळे नियम आले, पेजेस (साध्या साइट ठेवण्याची सोय) चालू असलं तरी नव्या कामासाठी वर्कर्सकडे बोट दाखवलं जातं. दोन वर्षांपूर्वीची मार्गदर्शिका उघडली की निम्मी बटणं सापडत नाहीत. कंपनीचे अधिकृत दस्तऐवज चांगले आहेत, तेच वाचा.

आता डोमेन नोंदणी. मूळ शुल्कावर नफा न लावता नोंदणी, डीएनएससेक (डीएनएस नोंदींची बनावट रोखणारी सही) सोपं, जाहिरातींचा मारा नाही. तरीही माझं मुख्य डोमेन मी तिकडे नेलं नाही. तिथे नोंदवलेल्या डोमेनला सर्वसाधारण योजनांत त्यांचेच नेमसर्व्हर (डीएनएस नोंदी पुरवणारे सर्व्हर) वापरावे लागतात. १८ नोव्हेंबर २०२५ ला काय झालं ते आठवा. डेटाबेसच्या परवानग्यांत बदल झाला, त्यामुळे बॉट ओळखण्याची एक फाइल दुपटीनं फुगली, ती वाचणारा प्रोग्राम कोसळला, आणि एक्स, चॅटजीपीटीसकट असंख्य साइट काही तास अडखळल्या. कंपनीनं त्याच दिवशी कारणमीमांसा प्रसिद्ध केली, कोडच्या ओळीसकट. हा मोकळेपणा दुर्मीळ आहे आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण त्याच लेखात एक तपशील होता: टर्नस्टाइल बंद पडल्यामुळे बहुतेकांना डॅशबोर्डमध्ये लॉगिनच करता येत नव्हतं. म्हणजे ज्या वेळी बाहेर पडायची गरज, नेमकं त्याच वेळी दार त्यांच्याच कुलपानं बंद.

म्हणून डोमेन वेगळ्या नोंदणीदाराकडे आहे आणि तिथून नेमसर्व्हर बदलता येतात. बदल सगळीकडे पोचायला वेळ लागतो, त्यामुळे दोन-तीन तासांच्या बंदला याचा उपयोग नाही, लांबलेल्या बंदला आहे. डीएनएसच्या नोंदी निर्यात करायचं बटण डॅशबोर्डमध्ये आहे. ती फाइल नोंदी बदलल्या की उतरवून ठेवतो, आणि एपीआयचं टोकनही (डॅशबोर्डशिवाय बदल करण्याची किल्ली) आधीच बनवून ठेवलं आहे. नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं डीएनएस, कॅशे आणि टर्नस्टाइल लगेच घ्यावं, मोठ्या फाइली असतील तर आर२ही. टनेल घेण्याआधी त्यावरून काय जाणार आहे ते कागदावर लिहून काढा.