ईयोबावरील पाच बुधवारांचा अभ्यासवर्ग : अभिप्राय

लातुरातील आमच्या भागातल्या एका ख्रिस्ती मंडळीने (चर्चने) ईस्टरपूर्वी ‘देव भला आहे, तर दुःख का?’ या प्रश्नावर, बायबलमधील ईयोब या निर्दोष असूनही सर्वस्व गमावलेल्या माणसाच्या पुस्तकाच्या आधारे, पाच बुधवारांचा अभ्यासवर्ग घेतला. शुल्क दोनशे रुपये, त्यात छापील वही आणि चहा. प्रत्येक वर्ग सात म्हणजे सातलाच सुरू झाला, ही आपल्याकडे आवर्जून नोंदवण्याजोगी गोष्ट आहे.

पहिले दोन वर्ग बेताचेच होते. वाईट म्हणजे चांगल्याचा अभाव हा प्राचीन ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीनचा विचार आणि माणसाचे इच्छास्वातंत्र्य हे मुद्दे मंडळीच्या पाळकसाहेबांनी (धर्मगुरूंनी) नीट समजावले. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातील भूकंपात झोपेतच गाडली गेलेली माणसे कोणाच्या इच्छास्वातंत्र्याने गेली, असे एकाने विचारले, तेव्हा मातीत बांधलेल्या दगडी भिंती आणि वरचे जड माळवद हे माणसाचेच काम होते, असे उत्तर आले. ते चूक नाही, पण ज्याला तेवढेच घर परवडत होते त्याच्याच पदरी ते दोष टाकते.

तिसऱ्या वर्गासाठी मात्र पुन्हा दोनशे रुपये द्यायला मी तयार आहे. ईयोबाची दहा मुलेही घर कोसळूनच मेली, हे वाचून झाल्यावर पाळकसाहेब थेट शेवटच्या अध्यायावर गेले. तेथे देव ईयोबाला गमावलेले दुपटीने परत देतो: सात हजार मेंढरांची चौदा हजार होतात, मुले मात्र पुन्हा दहाच. उमरग्याकडच्या एक मावशी म्हणाल्या, “मेंढरं दुप्पट झाली, लेकरं तेवढीच. मग पहिली दहा कुठं गेली?” पहिली दहा देवाजवळ आहेत म्हणून ती दुप्पट केली नाहीत, असे काही जण मानतात, हे पाळकसाहेबांनी सांगितले आणि थोडे थांबून म्हणाले, “पण ईयोबाच्या बायकोला हे पटलं असतं का, ते मला सांगता येणार नाही.” त्यानंतर त्यांनी ईयोबाच्या मित्रांकडे लक्ष वेधले. ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने बसले तोवर ठीक होते. मग त्याच्या दुःखाची कारणे सांगू लागले आणि अखेरीस देवाच्या रागाला पात्र ठरले.

असे असताना चौथ्या वर्गात वहीतील ‘माझे दुःख’ आणि ‘देवाचा हेतू’ असे दोन रकाने भरून घेणे मला अनाकलनीय वाटले. हे त्या मित्रांचेच काम झाले. मावशींनी पहिल्या रकान्यात तीन नावे लिहिली, दुसऱ्यात काही न लिहिता वही मिटली आणि पिशवीत घातली.

शेवटचा वर्ग वधस्तंभावरील येशूच्या “माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?” या आक्रोशावर होता. स्वतः देवपुत्रानेच हा प्रश्न विचारला आणि त्याला त्या घडीला उत्तर मिळाले नाही, म्हणून विश्वास ठेवणाऱ्यानेही तो विचारावा, ही मांडणी मला पटली. वेळ मात्र अपुरा पडला.

वर्ग जरूर करावा. पुढच्या खेपेस वही गाळून ते पैसे चहात घातले, तर आले तरी पडेल.