मीमकॉइन: काही महिने वापरल्यावर, विकणाऱ्याच्या बाजूने

मीमकॉइन म्हणजे इंटरनेटवरच्या गमतीच्या चित्रांवर किंवा नावांवर काढलेलं क्रिप्टो चलन; त्याच्या नगांना टोकन म्हणतात. काय वापरलं ते आधी सांगतो. एका भारतीय एक्सचेंजवर, म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या ॲपवर, डोजकॉइन आणि शिबा इनू, आणि फोनमधल्या वॉलेटमधून (टोकन ठेवायच्या ॲपमधून) सोलाना या क्रिप्टो नेटवर्कवर येणारी नवी मीमटोकन. दिवाळीनंतर सुरुवात केली ती आर्थिक वर्ष संपेपर्यंत. रक्कम आधीच बाजूला काढली होती, तीत नंतर भर घातली नाही. मी पुण्यात अकाउंट्सचं काम करतो. रिटर्न भरायला येणाऱ्या पंचविशीतल्या मुलांच्या स्टेटमेंटमध्ये हे व्यवहार वाढायला लागले, तेव्हा स्वतः वापरल्याशिवाय त्यांना काही सांगण्यात अर्थ नाही असं वाटलं.

खरेदीचा अनुभव खरोखर चांगला आहे. एक्सचेंजवर केवायसी झाली की शे-पाचशे रुपयांचंही घेता येतं. सोलानावर व्यवहार काही सेकंदांत होतो आणि नेटवर्कची फी नगण्य असते. बहुतेकांचं कौतुक इथपर्यंतच्या अनुभवावर असतं. मला लिहायचंय ते विक्रीबद्दल.

वॉलेट उघडलं की वर ठळक अक्षरांत एक आकडा दिसतो: तुमच्या टोकनांची किंमत. तो आकडा म्हणजे शेवटच्या सौद्याचा भाव गुणिले तुमच्याकडची टोकन. तेवढे पैसे कुणी द्यायला तयार आहे, असा त्याचा अर्थ नाही. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल म्हणतात, तसंच हे.

नवं टोकन विकताना समोर गिऱ्हाईक नसतं, एक पूल, म्हणजे अदलाबदलीसाठी ठेवलेला सामायिक साठा असतो. त्यात एका बाजूला टोकन आणि दुसऱ्या बाजूला सोल हे सोलानाचं चलन, आणि नेहमीच्या साध्या पुलात या दोन संख्यांचा गुणाकार कायम राहावा हा नियम. समजा पुलात १ कोटी टोकन आणि १०० सोल आहेत, आणि तुमच्याकडेही १ कोटी टोकन आहेत. स्क्रीनवर तुमची किंमत १०० सोल दिसेल. सगळी विकलीत तर पुलात २ कोटी टोकन होतात, गुणाकार राखायला त्यात ५० सोल उरावे लागतात, आणि तुमच्या हातात उरलेले ५० येतात. फी वजा जाता त्याहूनही कमी. पाच-दहा हजारांच्या विक्रीत हा फरक जाणवत नाही. पण भाव पडायला लागला की तुमच्या आधी विकून गेलेल्या प्रत्येकाने पुलातले सोल थोडे थोडे उचललेले असतात. वॉलेट मग स्लिपेज वाढवायला सांगतं, म्हणजे आणखी कमी भाव कबूल करायला. घसरणीच्या वेळी माझ्या ऑर्डरी लागोपाठ फेल झाल्या त्या याच कारणाने.

टोकन तयार करायला आता काहीच लागत नाही. जानेवारी २०२४ मध्ये पंप डॉट फन ही सोलानावर टोकन काढायची साइट सुरू झाली, तेव्हापासून नाव आणि चित्र दिलं की टोकन तयार. १०० कोटी नग, आणि लोक घेत जातील तसा ठरलेल्या सूत्राने चढणारा भाव. एका पातळीपर्यंत पोचलेल्या टोकनालाच खुल्या बाजारात पूल मिळतो, आणि बहुतांश टोकन तिथवर पोचत नाहीत. पहिल्या काही सेकंदांत घेणारे बहुतेक वेळा बॉट (आपोआप खरेदी करणारे प्रोग्रॅम) असतात किंवा टोकन काढणारा स्वतः. टेलिग्रामवर बातमी येईपर्यंत त्यांचा माल भरून झालेला असतो.

एका मांजरीच्या टोकनाचा ग्रुप मी जवळून पाहिला. तिथे ‘होल्ड करा, कुणी विकू नका’ असे मेसेज अखंड चालू होते. त्याच वेळी सोलस्कॅनवर, म्हणजे सोलानावरचे व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर, मोठ्या धारकांची यादी उघडली, तर वरच्या वॉलेटपैकी कित्येकांत सुरुवातीचे सोल एकाच पत्त्यावरून आलेले होते, आणि त्या वॉलेटमधून लहान लहान लॉटमध्ये विक्री चालू होती. ही माहिती कुणालाही फुकट दिसते. ग्रुपमध्ये ती कुणी टाकली नाही. मी टाकली, तर मला काढून टाकलं.

मोठ्या नावांचीही गत निराळी नाही. ८ मे २०२१ ला इलॉन मस्क अमेरिकेतल्या टीव्ही कार्यक्रमात येणार म्हणून डोजकॉइन त्या वर्षाच्या सुरुवातीच्या अर्ध्या सेंटवरून ७० सेंटच्या पुढे गेलं होतं, आणि कार्यक्रम चालू असतानाच घसरलं. १७ जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांचं टोकन आलं, दोन दिवसांत ७० डॉलरच्या वर गेलं, आणि एप्रिलपर्यंत दहाच्या खाली होतं. त्यातले ८० टक्के नग त्यांच्याशी संबंधित कंपन्यांकडे होते, हे पहिल्याच दिवशी जाहीर होतं. अर्जेंटिनाच्या अध्यक्षांनी १४ फेब्रुवारी २०२५ ला ज्याची पोस्ट टाकली ते लिब्रा टोकन तर काही तासांत कोसळलं. आधी शिरलेले लोक बातमी येण्याआधी घेतात आणि बातमी आल्यावर विकतात. बातमी वाचून घेणाऱ्याला माल मिळतो तो त्यांचाच.

विक्रीचा प्रश्न किती खरा आहे, याचा सगळ्यात मोठा दाखला आपल्याच देशाशी जोडलेला आहे. मे २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, इथेरियम या क्रिप्टो नेटवर्कचे सहसंस्थापक विटालिक ब्युटेरिन यांनी भारतासाठीच्या क्रिप्टो मदतनिधीला सुमारे ५० लाख कोटी शिबा टोकन दिली. त्या दिवशीच्या भावाने ती सुमारे एक अब्ज डॉलरची होती. देणगीची बातमी येताच भाव पडला, आणि निधी चालवणाऱ्यांनी घाईने न विकता जपून विकू असं जाहीर केलं, कारण एकदम विकली असती तर तो भाव मिळालाच नसता. देणगी मनापासूनची होती आणि गरजही तातडीची होती, तरी स्क्रीनवरचा अब्ज लगेच हातात घेता येत नव्हता.

आता कर. रिटर्नला बसलेल्या मुलांचे चेहरे इथेच उतरतात. १ एप्रिल २०२२ पासून अशा नफ्यावर सरसकट ३० टक्के आणि वर ४ टक्के सेस. एका टोकनातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. एकात ४० हजार कमावले, दुसऱ्यात ४० हजार घालवले, तरी १२,४८० रुपये कर. एक टोकन देऊन दुसरं घेतलं तरी तो विक्रीचाच व्यवहार. शिवाय १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस. तो नफ्यावर नसतो, पूर्ण रकमेवर असतो. एक्सचेंज निदान हिशेबाची फाइल देतं. वॉलेटमधल्या प्रत्येक अदलाबदलीचा त्या वेळचा रुपयांतला भाव आपल्यालाच नोंदवावा लागतो. रोज रात्री वहीत नोंद केली म्हणून माझं निभावलं. मार्चमध्ये एकदम करायला बसलेल्या एका मुलाला दोन रविवार लागले, आणि त्याने वर्षभरात कमावलं काहीच नव्हतं.

डोज आणि शिबा एक्सचेंजवर विकायला मला कधी अडचण आली नाही. तिथे घेणारे भरपूर आहेत. पण डोजकॉइनच्या नगांना कमाल मर्यादा नाही, दरवर्षी सुमारे ५०० कोटी नवे येतात, तेव्हा ‘दुर्मीळ आहे, ठेवून द्या’ हा सल्ला त्याला लागू होत नाही. सोलानावरच्या नव्या टोकनांची शिफारस मी कुणालाही करणार नाही. शिकाऊ मुलांना आणि उसने पैसे लावणाऱ्यांना तर मुळीच नाही. तरीही कुणी घेणारच असेल तर घेतल्याबरोबर त्यातला थोडा भाग विकून बघा, पुलात सोल किती आहेत ते पाहा, आणि नवे नग छापायचा किंवा तुमची टोकन गोठवायचा अधिकार अजून कुणाच्या हातात आहे का, तेही तपासा. मी ते वॉलेट मार्चअखेर रिकामं केलं. उरलेल्या टोकनांपैकी बऱ्याचशांच्या पुलात विकण्यासारखं काही शिल्लक नव्हतं, म्हणून ती तशीच पडून आहेत.