कोन फिल्टर की रिमॅप: पॉवर नक्की कशाने वाढते?

बरेच जण गाडी घेतली की आधी कोन फिल्टर, म्हणजे शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर लावतात, घरीच बसवता येतो, आवाज भारी येतो आणि त्या आवाजामुळेच गाडी जास्त पळतेय असं वाटतं. पण साध्या 1.2 लिटर पेट्रोल इंजिनाला कंपनीचा कागदी फिल्टर हवी तेवढी हवा देतोच, उलट उघडा कोन बॉनेटखालची गरम, विरळ हवा ओढतो म्हणजे मे महिन्यात पॉवर कमीच होणार. टर्बो डिझेलचा रिमॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर बदलणं, ही वेगळी गोष्ट आहे, त्यात बूस्ट (टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेचा दाब) आणि डिझेलचं प्रमाण दोन्ही बदलतं म्हणून ओढ खरंच वाढते, पण क्लचवर लोड येतो, वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं आणि नेटवरची कुठलीतरी फाईल घरी लॅपटॉपवरून टाकायचं धाडस तर अजिबात करू नका. पेट्रोलवाल्यांनो, जुने स्पार्क प्लग बदला आधी!