पुढचे ब्रेक : आहेत तेच नवे करायचे की मोठे बसवायचे?

छोट्या गाडीचे ब्रेक कमी पडतात ही तक्रार मुंबईत दोन प्रकारची माणसं करतात. एक रोज अंधेरी ते दादर जाणारा, ज्याच्या स्पीडोमीटरचा काटा सिग्नल ते सिग्नल चाळिसाच्या वर क्वचितच जातो. दुसरा महिन्यातून दोनदा तरी घरची माणसं आणि सामान भरून लोणावळा, नाशिक नाहीतर कोकण गाठणारा, म्हणजे बोरघाट, कसारा किंवा कशेडी उतरणारा. दोघांना सल्ला मात्र एकच मिळतो : वरच्या मॉडेलचे मोठे ब्रेक बसव. पहिल्यासाठी हा सल्ला चुकीचा आहे आणि दुसऱ्यासाठी बहुतेक वेळा बरोबर. त्यामुळे निर्णय गाडीपेक्षा तुमच्या रस्त्यावर जास्त अवलंबून आहे.

मोठे ब्रेक म्हणजे इथे कंपनीचेच मोठे पार्ट. एकाच सांगाड्यावर कंपनी कमी ताकदीची आणि जास्त ताकदीची अशा दोन्ही गाड्या काढते आणि ताकदवान गाडीला मोठी डिस्क (चाकाबरोबर फिरणारी तबकडी) आणि मोठा कॅलिपर (घर्षणाचे पॅड दाबून तिला आवळणारा चिमटा) देते. तेच पार्ट धाकट्या गाडीला लावायचे. उदाहरणाला चाकणला बनलेली फोक्सवॅगन पोलो घेऊ. २०२२ मध्ये ती बंद झाली, तरी मुंबईत अजून भरपूर दिसते. तिच्या खानदानात पुढच्या डिस्कची दोन मापं सर्रास सापडतात : २५६ मिमी व्यास व २२ मिमी जाडी आणि २८८ मिमी व्यास व २५ मिमी जाडी. बाकीच्या कंपन्यांच्या गाड्यांत आकडे बदलतील, हिशेब हाच राहील.

आधी मोठ्या डिस्कने काय मिळतं ते पाहू. पॅड डिस्कला जिथे धरतो ती जागा चाकाच्या मध्यापासून लांब गेली की पायाच्या तेवढ्याच जोरात चाक जास्त आवळलं जातं. २५६ वरून २८८ वर गेलात तर हा फरक सुमारे १५ टक्के पडतो. पेडल दाबताक्षणी तो जाणवतो आणि गाडी आता लवकर थांबेल असं वाटतं. तसं होत नाही. गाडी शेवटी टायर थांबवतो. जोरात ब्रेक मारल्यावर पायाखाली एबीएसची, म्हणजे चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, खडखड जाणवत असेल, तर तुमचे आत्ताचे ब्रेक टायरची सगळी पकड वापरूनच बसले आहेत. डिस्क ताटाएवढी केली तरी थांबण्याचं अंतर कमी होणार नाही. ते कमी करायचं असेल तर पैसे टायरवर घाला. त्यातही पावसाळ्यात गुळगुळीत टायरवर फिरत असाल तर आधी टायरच. अटल सेतूवर १०० च्या वेगात एकदा करकचून ब्रेक मारावा लागला, तर ते काम धडधाकट मूळ ब्रेकही पार पाडतात.

मोठ्या डिस्कचा खरा फायदा उष्णतेत आहे. माणसं बसलेली गाडी १३०० किलोची धरा. ८० च्या वेगातून ती शून्यावर आणली की सुमारे ३२० किलोज्यूल ऊर्जेची उष्णता होते. त्यातली ७० टक्के पुढच्या दोन डिस्कांवर आली असं मानलं, तर पाच किलोची डिस्क या एका ब्रेकमध्ये सुमारे ५० अंशांनी तापते आणि सात किलोची ३५ अंशांनी. एका ब्रेकला हा फरक किरकोळ. आता घाटाचा हिशेब करा. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी साधारण ५०० मीटर खाली येते. त्यात सुटणारी ऊर्जा ८० वरून शून्यावर येण्याच्या जवळजवळ वीसपट असते. काही भाग हवा, टायर आणि इंजिन खातात, उरलेला सगळा ब्रेकवर येतो, तोही दोन वळणांमध्ये थंड व्हायला फारसा वेळ न देता. २८८ च्या डिस्कचा पृष्ठभाग २५६ पेक्षा पाव हिश्श्याने जास्त असतो, म्हणजे ती मुळात कमी तापते आणि तापली तरी लवकर निवते. भरल्या गाडीने वारंवार घाट उतरणाऱ्याला पैसे याचेच मोजायचे आहेत.

आहेत तेच नीट करणं

या पर्यायाला लोक फार लवकर मोडीत काढतात, याचं मला वाईट वाटतं. ‘ब्रेक कमजोर आहेत’ म्हणून येणाऱ्या गाडीत दोष बहुधा मापाचा नसून देखभालीचा असतो. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या सुकलेल्या किंवा गंजलेल्या असतात, त्यामुळे एका बाजूचाच पॅड झिजतो. पॅड स्वस्तातला असतो. डिस्क झिजून कंपनीने ठरवलेल्या किमान जाडीच्याही खाली गेलेली असते. हा आकडा बऱ्याच डिस्कवर कोरलेला असतो, मेकॅनिकला व्हर्नियर लावून तुमच्यासमोर मोजायला सांगा. आधीच पातळ झालेली डिस्क पुन्हा लेथवर मारून घेऊ नका. नवी घ्या, आणि दोन्ही बाजूंची एकदम घ्या.

मुंबईकरांचं सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते ब्रेक ऑइलकडे. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि आपल्याकडच्या हवेत पाण्याला तोटा नाही. डॉट ४ (‘डॉट’ हा ऑइलचा दर्जा, डब्यावर लिहिलेला असतो) ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दबते आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. दर दोन वर्षांनी ऑइल बदलणं हे घाटासाठी केलेलं सगळ्यात स्वस्त काम आहे. डॉट ५.१ हे डॉट ४ मध्ये चालतं, पण नुसतं ‘डॉट ५’ लिहिलेलं सिलिकोनचं असतं. ते यात मिसळायचं नाही.

घाटात ब्रेक ‘गेले’ असं कुणी म्हणालं तर मी एकच विचारतो : पेडल कडक होतं की मऊ? पेडल कडक आहे आणि तरी गाडी ऐकत नाही, म्हणजे पॅड तापून घसरायला लागले. पेडल मऊ होऊन आत गेलं, म्हणजे ऑइल उकळलं. पहिल्या दुखण्यावर चांगले पॅड आणि मोठी डिस्क दोन्ही उपयोगी. दुसऱ्यावर आधी ऑइल बदलायचं, कारण जुन्या ऑइलवर मोठी डिस्क लावली तर दुखणं फक्त थोडं पुढे ढकललं जातं.

पॅड घेताना त्याच्या कडेला छापलेली दोन इंग्रजी अक्षरं पाहा. पहिलं अक्षर नेहमीच्या तापमानाच्या पॅडची पकड सांगतं, दुसरं खूप तापलेल्या पॅडची. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. ‘ईई’ काढून ‘एफएफ’ बसवलेत तर मूळ डिस्कवरही पेडलचा फरक कळेल, आणि खर्च मोठ्या ब्रेकच्या मानाने अगदी थोडा. शर्यतीचे पॅड मात्र टाळा. ते तापल्याशिवाय धरत नाहीत आणि सायनच्या सिग्नलला ते कधी तापणारच नाहीत.

कंपनीचे मोठे पार्ट बसवणं

मोठी डिस्क आणली आणि लावली इतकं हे सोपं नाही. डिस्क, कॅलिपर, त्याचा ब्रॅकेट आणि पॅड हा एकत्र बदलायचा संच आहे. काही गाड्यांत धाकट्या मॉडेलचा कॅलिपर वेगळ्या ब्रॅकेटवर नसून थेट नकलवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावर, बसतो. तिथे नकलही बदलावी लागते, आणि नकल उघडली की अलाइनमेंट आलंच. डिस्कमागचा पत्रा घासतो का, तेही पाहावं लागतं.

कॅलिपरच्या पिस्टनचा (पॅड ढकलणाऱ्या दट्ट्याचा) व्यास मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. ताकद व्यासाच्या वर्गाने वाढते. ४८ मिमीच्या जागी ५४ मिमीचा पिस्टन आला की क्षेत्रफळ सव्वापट होतं. मग पिस्टन ढकलायला ऑइलही तेवढं जास्त लागतं, पेडलच्या जोराने ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर जुनाच राहतो आणि पेडल खोल जायला लागतं. शिवाय सगळी वाढ पुढच्या चाकांवर आणि मागचे ड्रम ब्रेक होते तसेच, त्यामुळे कंपनीने जमवलेलं पुढच्या-मागच्या ब्रेकचं गणित बिघडतं. पिस्टनचं माप तेच आणि फक्त डिस्क मोठी, असा जोड मिळाला तर तो सगळ्यात उत्तम. मी तरी तसा जोड असल्याशिवाय या वाटेला जा म्हणणार नाही.

चाकाचे बोल्टही जुळायला हवेत. पोलोला पाच बोल्ट १०० मिमीच्या वर्तुळात आहेत, तर त्याच कंपनीच्या जेट्टाला किंवा स्कोडाच्या लॉराला ११२ मिमीच्या. दोन्हीकडे २८८ ची डिस्क असते, पण जेट्टाची पोलोला बसत नाही. दुकानात ‘सेमच आहे’ हे ऐकून घेऊ नका.

आता रिम. २८८ च्या डिस्कला किमान १५ इंची रिम लागते. १४ इंची चाकं असतील तर चार रिम आणि चार टायरचा खर्च धरा. बऱ्याच गाड्यांत चार चाकं १५ इंची अलॉय आणि स्टेपनी १४ इंची लोखंडी असते. पुढचं चाक पंक्चर झालं की ही स्टेपनी मोठ्या कॅलिपरवर चढत नाही. मग भर एक्सप्रेस वेवर मागचं चाक काढून पुढे लावायचं आणि स्टेपनी मागे. काम संपल्यावर गॅरेजमधून निघण्याआधी स्टेपनी पुढच्या दोन्ही बाजूंना लावून, हाताने फिरवून बघा.

पार्ट मिळतात कुठे? नवे हवे असतील तर कंपनीच्या काउंटरवर पार्ट नंबर देऊन मागवा. जुन्यांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड आहेच. तिथून कॅलिपर आणि ब्रॅकेट घ्यायला माझी हरकत नाही, पण पिस्टन बाहेर काढून त्यावर गंजाचे खड्डे नाहीत हे पाहायचं आणि रबरी सील नवे टाकायचे. दर पावसाळ्यात पाण्यात बुडालेल्या गाड्या भंगारात येतात, त्यांचे कॅलिपर वरून चकचकीत असले तरी आतून खराब निघू शकतात. डिस्क, पॅड आणि ब्रेकची नळी जुनी घ्यायची नाही, कितीही स्वस्त मिळाली तरी.

दर चाकाला दोनेक किलो वजन वाढतं. ते स्प्रिंगच्या खालचं वजन असल्यामुळे खड्ड्यात किंचित जाणवतं. आपल्या रस्त्यांवर हाही मुद्दा आहे, पण यावरून निर्णय फिरावा इतका नाही.

बाहेरचा बिग ब्रेक किट

बाहेरच्या कंपन्यांचे चार किंवा सहा पिस्टनचे रंगीत कॅलिपर दिसतात झकास. रोजच्या गाडीसाठी मी ते सुचवणार नाही. अनेक किटमधल्या कॅलिपरना धूळपाण्यापासून वाचवणारं रबर नसतं आणि मुंबईच्या चार महिन्यांच्या पावसात त्यांची निगा राखणं हे वेगळंच काम होतं. अडीअडचणीला रत्नागिरीत त्याचे पॅड मिळायचे नाहीत. कंपनीच्या मोठ्या पार्टचे पॅड निदान मागवता तरी येतात.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर बंधन घालतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध बदल करता येणार नाहीत असं म्हटलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आरसीवर डिस्कचं माप नसतं, म्हणून हे आपल्याला लागू नाही असं गृहीत धरू नका. आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवून लेखी उत्तर घ्या. अपघातानंतर ब्रेक बदललेले निघाले तर दाव्यावर प्रश्न येऊ शकतो. गाडी वॉरंटीत असेल तर सध्या थांबा.

मग काय करायचं?

शहरातच फिरत असाल आणि वर्षातून एक-दोनदा गावी जात असाल, तर पिना साफ, चांगले पॅड, नवं डॉट ४, गरज असेल तर त्याच मापाची नवी डिस्क आणि चार चांगले टायर. एवढ्यावर थांबा. घाट उतरताना दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये राहा, ऑटोमॅटिक असेल तर गिअर हाताने खाली घ्या.

नेहमी भरल्या गाडीने घाट उतरत असाल तर आधी हेच सगळं करा आणि दोन-तीन फेऱ्या मारून पाहा. ऑइल ताजं, पॅड चांगले, गिअर खालचा, आणि तरीही उतारावर पेडल कडक होऊन पकड सुटत असेल, तर मोठ्या पार्टचा खर्च सार्थ आहे. मात्र पिस्टनचं माप, बोल्टचं वर्तुळ, रिम आणि स्टेपनी या चारही गोष्टी जुळत असतील तरच. एक जरी अडली तरी तो बेत सोडून द्या आणि दर पावसाळ्यानंतर ब्रेक उघडून साफ करून घ्या.

मोठे ब्रेक बसवलेतच, तर नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर, मागे कुणी नसताना, ५० वरून १० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग उतरवा, मध्ये ब्रेकना वारा लागू द्या आणि तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभे राहू नका. आणि डिस्क, पॅड, कॅलिपरचे पार्ट नंबर कागदावर लिहून डॅशबोर्डच्या खणात ठेवा. पुढच्या वेळी मेकॅनिक तुमच्या मॉडेलच्या नावाने पॅड मागवेल, आणि ते बसणार नाहीत.