फायनाइट एलिमेंटसाठी आरटीएक्स ४०९०: आधी सॉल्व्हर बघा, मग कार्ड

जीफोर्स आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक्स कार्ड एफईएमसाठी (वस्तूचे छोटे तुकडे पाडून ताण मोजायच्या फायनाइट एलिमेंट पद्धतीसाठी) घ्यावं का, असं विचारलं की पहिला आक्षेप ठरलेला: डबल प्रिसिजनचा (६४ बिटच्या आकड्यांचा) वेग सिंगलच्या (३२ बिटच्या) चौसष्टावा हिस्सा, जेमतेम १.३ टेराफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला १.३ लाख कोटी गणितं. आकडा बरोबर आहे, पण माझ्या कामात तो आड येत नाही. मी जाड कास्टिंगचं स्ट्रेस अ‍ॅनालिसिस करते. भरीव थ्रीडी मेश, सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा भाग) कॉन्ज्युगेट ग्रेडियंट, म्हणजे फेऱ्या (इटरेशन) करत उत्तराजवळ जाणारा.

यात बहुतेक वेळ जातो तो स्टिफनेस मॅट्रिक्सला (समीकरणांचा तक्ता, ज्यात बहुतेक जागा शून्य असतात) व्हेक्टरने गुणण्यात. प्रत्येक नॉन-झिरोमागे (शून्य नसलेल्या आकड्यामागे) ८ बाइटची किंमत आणि ४ बाइटचा कॉलम नंबर मेमरीतून आणायचा आणि त्यावर फक्त एक गुणाकार, एक बेरीज. कार्डाची मेमरी सेकंदाला १००८ जीबी देते. १२ ने भागा: ८४ अब्ज नॉन-झिरो, म्हणजे ०.१७ टेराफ्लॉप्स. १.३ पर्यंत पोचायची वेळच येत नाही! डेस्कटॉपच्या प्रोसेसरला ड्युअल चॅनल डीडीआर५-५६०० मेमरी असेल तर सेकंदाला ९० जीबीच्या आत-बाहेर मिळतात. खरा फरक इथे आहे, आणि तो मोठा आहे.

कार्डावरची २४ जीबी मेमरी पुरते का? ८ नोडच्या (कोपऱ्यांच्या) हेक्सा, म्हणजे विटेसारख्या तुकड्यांच्या, मेशमध्ये आतल्या नोडच्या एका ओळीत ८१ नॉन-झिरो असतात, म्हणजे १० लाख डिग्री ऑफ फ्रीडमना (शोधायच्या अज्ञात संख्यांना) साधारण १ जीबी. मल्टिग्रिडच्या (फेऱ्या कमी करायला वापरलेल्या ढोबळ मेशच्या) पातळ्या आणि व्हेक्टर धरूनही माझे मॉडेल आरामात बसतात. मात्र असेंब्लीही (मॅट्रिक्स तयार करणंही) कार्डावरच करणारं सॉफ्टवेअर निवडा. कार्डाला बाकी कॉम्प्युटरशी जोडणारी पीसीआय एक्सप्रेस ४.० ची १६ लेनची वाट एका दिशेला सेकंदाला ३२ जीबीच्या आसपासच नेते, त्यामुळे नॉनलिनियर केसमध्ये दर इटरेशनला मॅट्रिक्स तिथून ढकलत बसलात तर कमावलेला वेळ तिथेच गेला.

पातळ शीट मेटलचं काम असेल तर मात्र हे कार्ड घेऊ नका, हे मी ठामपणे सांगते. पातळ पत्र्यासाठीच्या शेल एलिमेंटची मॅट्रिक्स इतकी इल-कंडिशन्ड (फेऱ्यांनी सोडवायला अवघड) असते की इटरेशन संपता संपत नाहीत आणि शेवटी डायरेक्ट सॉल्व्हरकडेच (फेऱ्यांशिवाय थेट सोडवणाऱ्याकडे) जावं लागतं. तिथे फॅक्टरायझेशन (मॅट्रिक्सचे अवयव पाडणं) म्हणजे मोठमोठ्या डेन्स, शून्य नसलेल्या आकड्यांनी भरलेल्या ब्लॉकचे गुणाकार, आणि तिथे तो चौसष्टावा हिस्सा खरोखर नडतो. त्या कामाला ए१०० सारखं, डबल प्रिसिजनमध्ये ९.७ टेराफ्लॉप्स देणारं कार्डच हवं.

आणखी एक: ४०९० ला एनव्हीलिंक (दोन कार्डं थेट जोडायची सोय) नाही. पुढे दुसरं कार्ड जोडून मेमरी वाढवू, या हिशोबाने घेणार असाल तर थांबा.